पाचव्या दगडापुढचा चर

मागच्या महिन्यात तुम्ही फोटो पाठवलात. कालव्याकाठची बारीक खडीची वाट, दोन्ही बाजूंना गवत, मोटारींना बंदी, आणि हेल्मेट घातलेले तुम्ही दोघे. खाली विचारले होते, आजी, तुला सायकल येत होती का? मी नुसते 'हो' लिहून पाठवले. अपुरे उत्तर मी कधी कुणाचे खपवून घेतले नाही, म्हणून आता पुरे लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही सिहोऱ्याला राहत होतो. तुमची आई दुसरीत होती. मी सात किलोमीटरवरच्या एका गावात, हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. डांबरी सडकेवर ट्रक फार, म्हणून मी नहरीच्या पाळीवरून जायची. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात आणि त्याच्या काठच्या मातीच्या बांधाला पाळ. पाळीवर पाटबंधारे खात्याच्या माणसांसाठी केलेला मुरमाचा रस्ता होता. तोंडाशी दोन दगडी खांब रोवलेले, त्यांतून जीप जात नसे, बैलगाडीही नाही. सायकल जाई. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि दर किलोमीटरला आकडा कोरलेला दगड. मी घड्याळ त्या दगडांशी ताडून बघायची. तिसऱ्याशी दहा वीस, पाचव्याशी साडेदहा.

तिसऱ्या दगडाशी एक मुलगी उभी असे. दहावीत होती. त्यांच्या दहा-वीस घरांच्या गावातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच मुलगी ठरली असती. आधी मी तिला कॅरियरवर बसवून न्यायची. मग तिला सायकल शिकवली. पुढे असे ठरले की जाताना मी चालवायची आणि येताना ती. मी मागे बसून स्पेलिंग विचारायची आणि ती धापा टाकत ओरडून उत्तर द्यायची. मला टोचू नये म्हणून तिने कॅरियरवर पोत्याची घडी बांधली होती.

तिचा बाप बांधीत काम करत असे. आम्हाला बघून कंबर सरळ करायचा.

"काय जी बाई, आता पोरगीच मास्तरीणले घरी पोचवून राहिली का?"

"बाबा, तुमी चूप बसा न! माह्या स्पेलिंगा चुकतेत."

त्या बापाने मला सरळ सांगितले होते, "धान घरात आला तं पोरगी मॅट्रिक करन. नाही आला तं मामाकडे जाईन, चिखल्याले. मामी बिमार रायते, घर पाहाले मानूस पायजे त्यायले." मामा चिखल्याच्या खाणीत होता. म्हणजे मुलीचे शिकणे त्या एका पिकावर होते. हे मला माहीत होते. हे मी आधीच लिहून ठेवते.

त्याची बांधी पाचव्या दगडाच्या पुढे, नहरीच्या पार शेपटाकडे होती. खात्याने पाण्यासाठी दिलेले तोंड बांधीच्या खालच्या अंगाला पडले होते, तिथून पाणी वर चढत नसे. दसऱ्याच्या सुमारास धान गर्भावर येतो. तेव्हा पाणी मिळाले नाही तर लोंब्या येतात, पण आत दाणा भरत नाही. म्हणून तो दरवर्षी त्या पंधरा दिवसांपुरता वरच्या बाजूने पाळ फोडायचा आणि माझ्या रस्त्यातून आडवा चर काढून पाणी घ्यायचा. आणखी दोघे-तिघे तसेच करत. पण चरावर फळी टाकणारा तो एकटाच होता. फळी माझ्या सायकलसाठी होती.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. सहामाहीचे पेपर तपासून मी शाळेत नेत होते. मुलगी त्या दिवशी बापासोबत बाजाराला गेली होती, मी एकटीच होते. फळी ओल्या मातीवरून सरकली आणि मी सायकलसकट चरात गेले. गुडघा फुटला, पण त्याचे काही वाटले नाही, नंतर मुलीलाही मी ते सांगितले नाही. पेपर पाण्यात पडले. शाई उतरून सगळे कागद निळे झाले. कुणाचे गुण कुणाचे, काही उरले नाही.

संध्याकाळी मी खात्याच्या कार्यालयाला पत्र लिहिले. इंग्रजीत, कारण इंग्रजी पत्र वरपर्यंत जाते हे मला ठाऊक होते. चार परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. कोणत्या दगडापुढे किती पावलांवर चर आहे, ते मी शाळेतून परतताना सायकल हातात धरून मोजून आले होते. पाचव्या दगडापुढच्या चरावरची फळी धोकादायक आहे, हेही लिहिले. त्याच्याशी आधी बोलावे, असे माझ्या मनातसुद्धा आले नाही. तक्रार कार्यालयाकडे करायची असते, माणसाशी भांडायचे नसते, असे मी शिकले होते. पत्राची कार्बन प्रत अजून माझ्या पेटीत आहे. त्यात एकही चूक नाही.

सरकारी काम आठ दिवसांत झालेले मी तेव्हा प्रथमच पाहिले. मजूर आले, चर भरले, वर मुरूम टाकून धुम्मसने ठोकला, आणि पाळीवर एक चौकीदार बसवला.

त्या दिवशी येताना मुलगी सायकल चालवत होती. पाचवा दगड कधी गेला ते कळलेच नाही.

"बाई, आता तं उतराचंच काम नाही न! कोनं बनवलं जी?"

मी मागे बसून होते. तिला माझे तोंड दिसत नव्हते. मी पुढचा शब्द विचारला.

दोन दिवसांनी बाप पाळीवर उभा होता. मी पडले आणि तक्रार माझीच होती, हे मजुरांनी त्याला सांगितले होते. मला वाटले, ओरडेल. तो माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "तुमी पडल्या, मले मालूमच नव्हतं जी. एक बार सांगतल्या असत्या तं दुसरी फळी टाकलो असतो. दोन टाकलो असतो."

मी त्याच रात्री दुसरे पत्र लिहिले. शेपटाकडच्या बांध्यांना वरून पाणी द्यावे, निदान पंधरा दिवस. तेही इंग्रजीत, तेही क्रमांक घालून. त्याची प्रतही आहे. उत्तर आले नाही. मी दोनदा कार्यालयात गेले. साहेब दौऱ्यावर होते. चौकीदाराला हात जोडले. तो म्हणाला, "बाई, तुमच्याच अर्जावर तं मले इथं बसवलं." तोवर धान पिवळा पडला होता. लोंब्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. मी एक चोळून पाहिली, हातात नुसता भुसा आला.

दिवाळीनंतर मुलगी माझा शब्दकोश परत द्यायला घरी आली. त्याला तिने वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते.

"मी चिखल्याले चालली, बाई. मॅट्रिक तं तिथूनबी देता येते न?"

मामाच्या घरी तिला कशासाठी नेत होते, ते आम्हा दोघींना माहीत होते. मी 'हो' म्हटले. पत्र कुणी लिहिले, हे तिला बापाने सांगितले होते की नाही, ते मला कधी कळले नाही. मी विचारले नाही, आणि मी होऊन सांगितलेही नाही. वैशाखात तिचे लग्न झाल्याचे ऐकले. मॅट्रिकच्या यादीत तिचे नाव त्या वर्षी नव्हते. पुढच्या वर्षांच्या याद्याही मी पाहिल्या.

बाप त्यानंतरही बांधीत दिसायचा. कंबर सरळ करायचा, "या बाई" म्हणायचा आणि पुन्हा वाकायचा. थट्टा त्याने कधी केली नाही. पोते मी कॅरियरवरून सोडले नाही, ते ऊनपावसाने आपोआप फाटून गेले.

रस्ता उत्तम झाला होता. तुमच्या फोटोतल्यासारखाच. त्या रस्त्याने मी पुढे नऊ वर्षे शाळेत गेले. एकदाही सायकलवरून उतरावे लागले नाही.