चुकलेली सप्तमी

पुण्याच्या कॉलेजातली माझी सीट पक्की करायची शेवटची वेळ बुधवारी संध्याकाळी पाचची होती, आणि मी ती पक्की करणार नव्हते. हे मला बरेच दिवस माहीत होतं. आईला शनिवारी कळलं. रविवारी सकाळी बाबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि विचारलं, "नक्की काय ठरवलं आहेस?"

"एक साल, बाबा. फक्त एक साल द्या मला. फिर देखते हैं."

"फिर देखते हैं म्हणजे? सीट काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे?"

बाबा सरकारी शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली किती तरी मुलं इंजिनिअर होऊन ग्वाल्हेरच्या बाहेर पडली होती, आणि त्यांची स्वतःची मुलगी दर्पण कॉलनीतल्या घरात लॅपटॉप घेऊन बसायचं म्हणत होती. त्यांचा राग मला आज समजतो. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि जगातल्या बहुतेक माणसांना माझ्यापेक्षा थोडं कमी कळतं अशी माझी खात्री होती.

मी बसणार होते ते काही रिकामी बसणार नव्हते. अकरावीत असताना मी एक वेबसाइट केली होती. आमची आई दरवर्षी नवं पंचांग आलं की घरातल्या गेलेल्या माणसांच्या तिथ्या पेन्सिलीनं कॅलेंडरवर उतरवून घ्यायची आणि मग भोपाळ, इंदूर, पुण्याच्या मामांना फोन करकरून सांगायची. मामा दरवर्षी विसरायचे, आणि आई दरवर्षी चिडायची. मी म्हटलं, हे काम मशीन करेल. नातं, महिना, पक्ष आणि तिथी एकदा भरायची. मग दरवर्षी आठ दिवस आधी आणि आदल्या दिवशी फोनवर संदेश येणार. मामांनी ती त्यांच्या मित्रांना दिली. आमच्यासारखी, दक्षिणेतून इकडे येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरं आता कुठे कुठे पांगलेली आहेत. घरी येणारे गुरुजी सुटले, पण तिथी चुकली की मन खातं. साइट पसरत गेली.

बारावीची परीक्षा संपल्यावर मी तिची हिंदी आवृत्ती काढली, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, पाटणकर बाजारातल्या एका साडीवाल्या अंकलना ती फार आवडली. आई त्यांच्याकडूनच साड्या घ्यायची. ते त्यांच्या समाजाच्या कमिटीवर होते. समाजातल्या सगळ्या घरांच्या तिथ्या माझ्याकडे द्यायच्या आणि वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे साइट हा नुसता खेळ राहणार नव्हता. ते काम होणार होतं.

बाबांनी त्याच रविवारी शब्द दिला. "समाजानं लेखी हो म्हटलं तर एक वर्ष तुझं. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही म्हणाले, तर बुधवारी पाचच्या आत तू स्वतः बटण दाबायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मला हो मिळणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी दुपारी मी दुकानात गेले. अंकल गादीवर बसले होते, पण नेहमीसारखे बोलत नव्हते. समोर पसरलेल्या साड्यांची घडीही कोणी घातली नव्हती.

"तुम लस्सी लो बिटिया. मेरा तो आज व्रत है, सावन का सोमवार," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाबूजी की तिथि निकल गई."

मला कळलं नाही.

"सावन बदी सप्तमी. शनिवार को थी. हर साल अम्मा याद रखती थीं, ब्राह्मण को जिमाकर ही खुद खाती थीं. इस बार मैंने ही कहा, अम्मा, अब चिंता छोड़ो, मशीन याद रखेगी. शनिवार को उन्होंने भर पेट खाना खाया. रविवार को झाँसी से भैया का फोन आया, तब पता चला. कल से मुँह में दाना नहीं डाला है."

मी ग्लास खाली ठेवला. आमच्या घरी त्या दिवशी आषाढ चालू होता.

ग्वाल्हेरात वाढलेल्या कुठल्याही मराठी पोराला हे सांगावं लागत नाही. समोरच्या घरी सावन लागतो तेव्हा आपल्याकडे श्रावण यायला पंधरा दिवस असतात. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्ही घरांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात त्यांचा महिना आमच्यापुढे गेलेला असतो. लहानपणी मी समोरच्या चाचींकडे त्यांच्या सोमवारचा प्रसाद खायची आणि मग पंधरा दिवसांनी आमच्या सोमवारचाही, आणि दोन्हीकडे हक्कानं मागून घ्यायची. हे सगळं माहीत असून मी हिंदी आवृत्ती करताना फक्त शब्द बदलले होते. वद्यच्या जागी बदी आणि श्रावणच्या जागी सावन. आतला हिशोब आमच्या घरचाच राहिला. अंकलनी भरलेली सावन बदी सप्तमी माझ्या मशीननं आमची श्रावण वद्य सप्तमी धरली होती, आणि ती अजून महिनाभर लांब होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि त्याहून वाईट गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. जूनमध्ये दोघांनी लिहिलं होतं की तारीख चुकीची दिसते. मी दोघांना एकच उत्तर पाठवलं होतं: कृपया तिथि ठीक से भरें. वर आईला म्हटलं होतं, लोकांना साधी तिथी भरता येत नाही.

"मैंने ही भरने में गड़बड़ की होगी," अंकल म्हणाले. "मोबाइल के मामले में मेरा हाथ ज़रा तंग है. तुम कल काग़ज़ ले आओ, अध्यक्षजी भी बैठेंगे. समाज का काम रुकना नहीं चाहिए."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण काग़ज़ हा शब्द ऐकला आणि मी मूग गिळून बसले. वर "जी अंकल" म्हणून उठले.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले. उद्या कागद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पडला होता, पण शब्द देऊन फिरणारा माणूस नव्हे तो. "ठीक आहे," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. एक वर्ष." आत जाऊन त्यांनी आईला सांगितलं, आणि आईनं शिरा केला. मी तो खाल्ला. मला अजून त्या शिऱ्याची लाज वाटते.

प्रोग्राममधली चूक दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. आता पुढे कोणाची तिथी चुकणार नाही, गेलं ते गेलं, कोणाला कळायचं कारण नाही, असं मी स्वतःला समजावत होते. अंकल स्वतःलाच दोष देत होते ना, मग मी कशाला मध्ये पडू? मंगळवारी सकाळी मी समाजाचे कागद फाइलमध्ये लावत होते, तेव्हा आई भाजी चिरता चिरता सहज म्हणाली, "त्यांच्या अम्मा जेवल्या का गं?" आदल्या दिवशी मीच तिला ती गोष्ट सांगितली होती. माझा भाग तेवढा गाळून.

मी फाइल घरीच ठेवली आणि गेले.

दुकानात अंकल होते आणि त्यांचे अध्यक्षजी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. भीती अशी होती की बसले तर बोलणार नाही. चूक तुमची नाही, माझी आहे. कशी झाली तेही सांगितलं. कालच कळलं होतं, हेही सांगितलं. सांगताना माझी हिंदी, जी माझ्या मराठीपेक्षा बरी आहे, सारखी अडखळत होती.

अंकलनी समोरच्या साड्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, "आप तो कल भी यहीं बैठी थीं."

लहानपणापासून ते मला तुम म्हणत आले होते. त्या 'आप'नं मला जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कशानंच नाही, पण तिथे मी रडले नाही. अध्यक्षजी उठून गेले. अंकल म्हणाले, "ऊपर चलकर अम्मा से खुद कहिए."

अम्मा वरच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, आणि डोळे अगदी तीक्ष्ण. मी पुन्हा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मराठों के यहाँ सावन पंद्रह दिन बाद लगता है. ये तो सारा लश्कर जानता है. तुम नहीं जानती थीं?"

"जानती थी, अम्माजी."

"तो किसी से पूछा क्यों नहीं?"

विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. माझ्या मशीनला कोणी शिकवायचं असतं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मेरा तो जो हुआ सो हुआ," त्या म्हणाल्या. "औरों का क्या? अमावस में चार-पाँच दिन हैं. जिनकी आने वाली है, उन्हें कौन बताएगा?"

समाजाचा विषय तिथेच संपला. कोणी नाही म्हणालं नाही, पण म्हणायची गरजही राहिली नव्हती. मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्हणजे शब्द राहिला नाही. उद्या पाचपर्यंत वेळ आहे." मी मान डोलावली. भांडायला तोंडच नव्हतं, आणि खरं तर त्या क्षणी कॉलेजात जाऊन चारशे पोरांत लपून बसावं असंही वाटलं.

बुधवारी सकाळी सात वाजता मी यादी काढली. दुरुस्तीचा संदेश सगळ्यांना रात्रीच गेला होता, पण अशा संदेशांचं काय होतं ते मला माहीत होतं. ज्यांची तिथी येत्या चार दिवसांत होती, त्यांना कळणं जरुरीचं होतं. आणि ज्यांची हिंदी आवृत्ती निघाल्यापासून चुकून गेली होती, त्यांना सांगणं हे माझं देणं होतं. दोन्ही मिळून नव्वदच्या आसपास नंबर होते. मी एकेकाला फोन लावायला बसले.

बाबांनी त्या दिवशी रजा घेतली होती, सीटसाठी. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजचं पान उघडून ते बसले. माझ्या फोनवर येणारा कोड तेवढा टाकायचा होता. नऊ वाजता म्हणाले, "करून टाक, मग बस फोन करत." दहाला पुन्हा म्हणाले, अकराला पुन्हा. मी "हो, हा एक झाला की" म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येक फोननंतर पुढचा माणूस दिसायचा, ज्याला आज कळलं नाही तर उद्या उशीर होणार होता.

बहुतेकजण बरे बोलले. काहींनी हिशोब विचारला, मग स्वतःच मोजून पाहिला. भिंडच्या एका बाईंनी मात्र मला बोलूच दिलं नाही. नवऱ्याची पहिली बरसी, म्हणजे वर्षश्राद्ध होतं. सासरचे कोणी यायला तयार नव्हते, म्हणून त्या एकट्याच करणार होत्या, आणि तिथीच चुकली. त्या रडत रडत मला शिव्या देत होत्या आणि मी फोन कानाला लावून नुसती बसले होते.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बहनजी, मैं इसका पिता बोल रहा हूँ," ते म्हणाले. "गलती हमारी है. आप कहिए, मैं सुन रहा हूँ." आणि खरोखर ऐकत राहिले, दहा मिनिटं, मध्ये न बोलता. मग आता काय करता येईल ते गुरुजींना विचारून कळवतो म्हणाले, आणि लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या यादीचा कागद ओढून घेतला. तारखांप्रमाणे नंबर नव्यानं लावले, ज्यांची तिथी आधी ते वर. मास्तरांचं अक्षर ते. अर्धे नंबर त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतले. आम्ही समोरासमोर बसून फोन करत राहिलो. आईनं आमच्यासमोर ताटं ठेवली आणि तशीच उचलून नेली. दुपारनंतर बाबांनी वेळेबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मला वाटलं, ते कामात विसरले.

एक फोन संपवून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाबा, पाच वाजून गेले."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. कागदावरून नजर न उचलता त्यांनी एका नंबरावर खूण केली. "ही त्रयोदशीची सहा घरं राहिली आहेत. आधी यांना लाव."