पूजेआधीची बोरं

मंगळवारी आई गेली. आज बागबाजारातून बोरं आणली आणि पिशवी उघडताच त्या आंबट वासासरशी डमडमची शाळा आठवली, जिथे आई शिकवायची आणि मी तिच्याच वर्गात, तिसरीत होते. संक्रांतीला तिने वर्गात तिळगुळाबरोबर बोरं वाटली. माझ्या बाकावरच्या मुलीने एक खाल्लं, तोच मागून आवाज आला, “सरस्वतीपूजेच्या आधी कूल खाल्लंस? आता तिसरीतच म्हातारी होशील.” इथे बोराला कूल म्हणतात आणि पूजेआधी ते खाणारं मूल नापास होतं असं बंगाली घरांत मानतात, हे बाबांच्या बदलीमुळे नव्याने आलेल्या आईला ठाऊक नव्हतं. मुलगी रडू लागली. “मिस, मी फेल होणार.” आईने दोन बोरं स्वतःच्या तोंडात टाकली. “आता देवी आधी मला नापास करेल. तुझा नंबर माझ्यानंतर.” शनिवारी फळ्यावर आठवड्याच्या बातम्या लिहिताना, अंगणातला नळ दुरुस्त झाल्याच्या बातमीखाली तिने लिहिलं, “मिसने पूजेआधी कूल वाटली. चूक मिसची.” ते वाचून मुलगी हसली, आणि पुढे पासही झाली. त्यानंतर आईने पूजेआधी बोर कधी खाल्लं नाही, मलाही खाऊ दिलं नाही. पूजा अजून व्हायची आहे. बोरं ओट्यावर तशीच आहेत.