आईसाठी, हात लावू नये

माझ्या मामांना सगळे नातेवाईक पाठीमागे ‘वरखाली’ म्हणतात. त्यांची उभी हयात एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. नोकरीत असेतो लोकांना वर-खाली नेलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः जे खाली बसले ते उठायचं नाव घेईनात. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून. मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आलो आणि नोकरी लागली तरी हललो नाही, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं. मामी म्हणायची, “तुझ्या मामांनी आपल्याकडे बघावं असं वाटत असेल ना, तर झुरळाचा जन्म घ्यावा लागतो.”

झुरळं म्हणजे चिपा. काळ्या, चपट्या, दोन्ही अंगांना पायांच्या रांगा. पूर्वी टीव्हीला जोडून चालवायचे घरगुती कॉम्प्युटर मिळायचे, कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार असलेले. ते आता कुणी बनवत नाही आणि त्यांच्या आतल्या मेमरीच्या चिपाही कुणी बनवत नाही. चिप बिघडली की मशीन चालू होतं, पण आपण कोण हे त्याला आठवत नाही. पडद्यावर नुसते चौकोन नाचत राहतात. अशी मशीनं कुठून कुठून लोक मामांकडे कुरियरनं पाठवत. मामा दुसरी, जवळपास तशीच चिप घेत, तिच्यात जुनीचा सगळा मजकूर आपल्याकडच्या कॉपीवरून भरत, एखादा पाय वाकवून, एखाद्याला तारेचा टेकू देऊन ती जुनीच्या जागी बसवत. मशीनला पुन्हा आपलं नाव आठवलं की मामा खुर्चीत मागे रेलून चहा मागत. यात त्यांना काय मिळायचं ते चहा करणारीला कधी कळलं नाही.

या चिपांच्या पाठीवर एक बारीक गोल काच असते. खिडकीच म्हणा. तिच्यातून एक ठरावीक जांभळट उजेड सोडला की आत लिहिलेलं सगळं पुसलं जातं आणि चिप नव्यानं लिहायला मोकळी होते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून मामांनी त्यासाठी पेटी केली होती. लिहून झालं की मात्र खिडकीवर लगेच चिठ्ठी चिकटवायची. कारण तो उजेड उन्हातही थोडा असतोच. उघड्या खिडकीची चिप उन्हात पडली तर हळूहळू सगळं विसरते. हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत. कुरियरवाल्यालाही एकदा सांगितलं होतं. घरच्यांना सांगायचं राहूनच जातं. मला माहीत होतं, कारण मी त्या टेबलाशी रिकामा बसायचो. मामी त्या खोलीत फक्त चहाचा कप ठेवायला यायची आणि बोलून जायची.

“मला या घरात कुणी पुसत नाही. झुरळांना मात्र पेटीत घालघालून पुसतात.”

“अगं, तुझ्या मापाची पेटी कुठं मिळते?” मामा मान वर न करता म्हणायचे.

पुसलेली चिप मशीनवर वाचली की पडद्यावर रांगाच्या रांगा ‘एफएफ’ उमटतात. कोरी असल्याची ती खूण. मामांचा त्यावर ठरलेला विनोद होता. ‘एफएफ’ला ते ‘फार फार’ म्हणत. कोरी चिप निघाली की सुस्कारा टाकून म्हणत, “फार फार वर्षांपूर्वी. झाली गोष्ट.” मी दर वेळी हसायचो. राहतो त्या घरात विनोदाला हसावं लागतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, असल्याच एका मशीनवर लहानाची मोठी झाली. त्या मशीनला मराठी येत नव्हतं. ताईनं चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यानं मांडलं आणि त्याला शिकवलं. तिच्या ‘ळ’चं एक पोट मोठं आणि एक लहान यायचं. मामी म्हणायची, हे अक्षर एका बाजूनं जेवून आलंय. मग ताईनं आईसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, मामांकडून चिपेत भरून घेतला आणि मामांनी ती चिप मशीनच्या मागे खोचायच्या एका उघड्या पट्टीवर बसवून दिली. खिडकीवर ताईनं आपल्या हातानं लिहून चिठ्ठी चिकटवली: ‘आईसाठी. हात लावू नये.’

पट्टी खोचून मशीन लावलं की पडदा काळा व्हायचा आणि अक्षरं उमटायची. ‘आई, जेवलीस का?’ मामीनं ‘हो’ची कळ दाबली की खाली यायचं, ‘खोटं.’ आणि ‘नाही’ची दाबली तर, ‘मग मीपण नाही.’ असे पुष्कळ प्रश्न आत होते. कळ दाबायला किती वेळ लावता त्यावर पुढचा प्रश्न ठरायचा. मामीला धीर म्हणून नाही. ती पटापट दाबायची आणि तिला तेच ते चार प्रश्न भेटायचे. ताई म्हणाली होती, “आत खूप भरून ठेवलंय गं. थांबलीस तर दिसेल. पण एकदम संपवू नकोस.”

ताईला साधा ताप म्हणून नेलं, ते त्याच इस्पितळात. लिफ्ट मामांच्याच हाताखालची. लिफ्ट नीट चालली. बाकी काही चाललं नाही.

त्यानंतर मामीनं मशीन कपड्यात गुंडाळलं आणि पट्टी एका डब्यात घालून आपल्या कपाटात ठेवली. ते लावायला ती कधी तयार झाली नाही. लावलं तर एक दिवस सगळे प्रश्न बघून संपतील, मग काय करायचं, असं तिचं म्हणणं होतं. साऱ्या जगाला ‘आधी कॉपी काढून ठेवा’ असा दम भरणाऱ्या मामांनी एकदा भीतभीत विचारलं, की मी नुसती एक कॉपी काढून घेऊ का. मामीनं चिठ्ठीवरचं वाक्य म्हणून दाखवलं. हात लावू नये. मामांनी पुन्हा विषय काढला नाही. लेकीची चिप तेवढी कॉपीशिवाय राहिली.

कपाट ओल्या भिंतीला लागून होतं. हवा कोरडी झाली की मामी ताईचे स्वेटर, पुस्तकं आणि ती पट्टी बाल्कनीत चादरीवर मांडून त्यांना ऊन दाखवायची. संध्याकाळी एकेक वस्तू झटकून पुन्हा आत. मामा त्या दिवशी बाल्कनीकडे फिरकत नसत. ते स्वेटर त्यांना बघवायचे नाहीत. मी दिवसभर कामावर असायचो.

मग मामीच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी कडेचं दिसेना, मग मधलं धूसर होऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मामी बराच वेळ कपाटासमोर उभी राहिली. मग डबा आणून मामांच्या टेबलावर ठेवला.

“लावा. आता जपून कुणासाठी ठेवू? दिसतंय तोवर तिचं सगळं वाचून घेते. थांबून थांबून वाचते.”

मामांनी दोन्ही चष्मे पुसले. डबा उघडला. मी शेजारीच होतो. पट्टीवरच्या चिपेची खिडकी उघडी होती. चिठ्ठी नव्हती.

मामांनी डब्याच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं, डबा उलटा केला. मला हळूच म्हणाले, डिंक वाळून पडली असेल कुठंतरी बाल्कनीत. मामी दारात उभी होती. तिला म्हणाले, मशीन जुनं आहे, आधी चिप तपासून घेतो, तू तोवर बस. मामी बाहेरच्या खोलीत जाऊन देवाला सांगावं तसं टीव्हीला सांगू लागली की आज नीट चाल रे बाबा.

मामांनी चिप पट्टीवरून काढली. लिफ्टचे जाडजूड दोर ओढलेले ते हात, पण एकही पाय वाकला नाही. वाचायच्या मशीनवर बसवली. पडद्यावर पहिली रांग आली. एफएफ एफएफ एफएफ. दुसरी. तिसरी. मामा खाली खाली जात राहिले. मध्येच कुठं एखादा वेगळा आकडा राहिला असेल म्हणून पुन्हा वर गेले. चिप काढून पाय घासले, परत बसवली, परत वाचली. खाली-वर, खाली-वर. त्या दिवशी तो विनोद त्यांनी केला नाही. मीच मनात म्हटला आणि मलाच तो सोसला नाही.

“मामा, ऊन,” मी म्हणालो.

“गप.” मग चिप मशीनवरून काढत, “तिला बोलायचं नाही. समजलं? तिनं लेकराला ऊन दाखवलंय. दुसरं काही केलेलं नाही.”

मामा उठले आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे. मामी टीव्हीसमोर अगदी जवळ खुर्ची घेऊन बसली होती, चष्मा पदराला पुसून.

“अगं,” मामा म्हणाले, “माझ्या हातून पुसली गेली.”

“काय पुसलं?”

“ताईची चिप. आत्ता तपासायच्या नादात दुसऱ्या चिपांबरोबर पेटीत गेली. माझंच लक्ष नव्हतं. आत काही राहिलं नाही.”

पूर्ण खोटंही नव्हतं ते. खिडकीचं त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, तेवढी चूक त्यांचीच होती.

मामी काळ्या टीव्हीकडे बघत राहिली. तिनं विचारलं, एकपण नाही का? मामा म्हणाले, नाही. ती म्हणाली, ते जेवलीस का वालं तरी? मामा म्हणाले, ते मी पुन्हा लिहून देईन, ठिपके मला पाठ आहेत. मामी म्हणाली, ते तुम्ही विचारलेलं होईल.

मग ती उठली, हातानं भिंत चाचपत आत गेली आणि चष्म्याचं घर घेऊन आली. त्यातून बोटभर कागद काढून तिनं मामांपुढे धरला. पिवळा पडलेला, कडा वळलेल्या. शाई मात्र अजून निळी. आईसाठी. हात लावू नये.

“पहिल्यांदा उन्हात घातलं तेव्हा अक्षर फिकट पडायला लागलं. ऊन लागून उडून जाईल म्हणून वाफ देऊन काढून ठेवली, आपली लांब सावलीत. बरं झालं मला सुचलं ते. नाहीतर तुमच्या हातून हीपण गेली असती.”

मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मामीच्या धूसर नजरेला तो दिसत नव्हता, एवढंच त्यातलं बरं.

“बरं केलंस,” मामा म्हणाले.

तेव्हापासून मामी त्यांना झुरळांवरून बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते. मामा कधी मुद्दाम विषय काढतात, माझ्या मापाची पेटी मिळाली बघ म्हणतात, ती ऐकलं न ऐकलं करते. आता तिला वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. मामांना विचारलं नाही.

चिठ्ठी तिनं मामांकडेच दिली, तिच्या जागेवर परत चिकटवा म्हणून. मामांनी ताजा डिंक घेतला. कोऱ्या चिपेच्या खिडकीवर चिठ्ठी नीट मधोमध बसवली आणि नखानं चारी कडा दाबत राहिले, कुठूनही उजेड आत जाणार नाही अशा.