ताकायामातला दुसरा बूट

आपल्या मराठी मंडळाच्या समस्त सभासदांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की खालील प्रकार घडला तेव्हा लेखिका पूर्ण शुद्धीत होती आणि तिचं पोटही भरलेलं होतं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहिणार. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मी इथे डच मुलखात, लायडनला राहते. यंदा लेकीबरोबर, ईराबरोबर, जपानला गेले. ताकायामात जुन्या व्यापाऱ्यांची अख्खी पेठ जपून ठेवली आहे – काळपट लाकडी घरं, दारासमोरून वाहणारा पाण्याचा पाट. ईरा संशोधन करते. आई सगळं वाढवून सांगते, हे तिचं लहानपणापासूनचं मत. ते ती चारचौघांतही ऐकवते. मला लागतं ते.

तिकीट काढून एका घरात शिरताना बूट काढायचे होते. देवळातल्या सवयीनं मी एक बूट या कोपऱ्यात ठेवला, दुसरा त्या. एकच बूट कोण चोरणार? ईरा कानकोंडी झाली. "दू नॉर्माल," म्हणाली – जरा नीट वाग, याचं हे डच रूप. बाहेर आलो तर दोन्ही बूट शेजारी शेजारी, टोकं रस्त्याकडे. तिकीटवाल्या बाईंना विचारलं. त्या जागेवरून उठल्याच नव्हत्या.

मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, लाव आता जोडी! पुन्हा तिकीट काढलं. एक बूट दारात ठेवला, दुसरा कापडी पिशवीत घालून पिशवी ईराच्या हातात दिली. आत चटईवर बसलो, आम्ही दोघीच. परत आलो... दारात जोडी. पिशवी रिकामी.

पोरीनं माझी फिरकी घेतली, असंच मला वाटलं. पण ती काही बोलेचना. विमानातही नाही.

परवा दिवाळीच्या फराळाला मी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. आर्नहेमचे प्रसाद भावोजी म्हणाले, वहिनी, चकलीपेक्षा तुमची गोष्ट खुसखुशीत! मग कुणीतरी म्हणालं, ईरानंच ठेवला असणार, तिलाच विचारा. तिनं नुसती मान डोलावली असती, तरी मी कायमची थापाडी ठरले असते. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, विचारा की!

एरवी मला डचमध्येच उत्तर देणारी माझी लेक ताटली खाली ठेवून चक्क मराठीत बोलून गेली, "मी नाही ठेवला. पिशवी माझ्या मांडीवर होती, आणि ती मध्येच हलकी झाली."