तोड आली त्या सकाळी

कॉलेजच्या फिल्मचा अर्धा सीन काकांच्या उभ्या उसात घेऊन झाला होता. उरलेला कोवळ्या उन्हात घ्यायचा, म्हणून मी दुसऱ्या दिवसावर ठेवला. सकाळी कोपरगावहून पोचलो, तर कारखान्याची तोड आलेली आणि सीन घेतला होता तेच निम्मं रान मोकळं.

"एक दिवस थांबवता आलं नसतं?" मी चिडलो.

"दीड महिना वाट बघितली तोडीची. आता तुझ्या पिच्चरसाठी थांबवू व्हय?" काका हसत म्हणाले.

कोयते सपासप चालले होते, बायका मोळ्या घेऊन ट्रॉलीवर चढत होत्या. मी मात्र तसलाच उभा ऊस शोधत दिवसभर बांधाबांधानं वणवण फिरलो.

पुढं कॉलेजात ही अडचण मी सरांना रंगवून सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तोडच का नाही शूट केलीस?"

कॅमेरा तर तेव्हा माझ्या गळ्यातच होता.