शाडूची सुमी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि त्यात मी काही मोठा पराक्रम केला असंही नाही. विश्वास ठेवायलासुद्धा माणसाला थोडी फुरसत लागते. सकाळी मुलींच्या शाळेत चित्रकलेचे तास, दुपारी क्लास, आणि घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई... एवढ्यात एखादं भूत आलंच असतं तर त्याला मी आधी विळीवर बसवून भाजी चिरायला लावली असती. शेजारच्या काकू अंगारा घेऊन यायच्या तेव्हा "याने पितळेची भांडी लख्ख निघतील का हो?" असं मी विचारत असे. काकू रागावत. या सदरात लोक पिंपळाचं आणि उलट्या पावलांचं जे लिहितात, ते मी अजूनही हसतच वाचते.

तरी आज मीच लिहायला बसले आहे. कारण हे माझ्या घरात घडलं, भर दुपारी घडलं, आणि तेव्हा माझेच हात शाडूने माखलेले होते.

तीन-चार वर्षं झाली. आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. हे मुंबईला कचेरीत जात, ते संध्याकाळीच परत येत. पुढच्या खोलीत खिडकीखाली सासूबाईंची खाट. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्यांचं बोलणं इतरांना कळत नसे, मला सवयीने कळे. डोकं मात्र शाबूत होतं. आमटीत गूळ कमी पडला तर त्या बरोबर ओळखत आणि तसं बोलूनही दाखवत.

नाक्याजवळच्या महिला मंडळात मी नवशिक्या बायकांना बाहुल्यांची डोकी करायला शिकवत असे. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आराशीत मांडतात तशा बाहुल्या. अंग चिंध्यांचं, कपडे खणाचे, पण डोकं शाडूचं, लिंबाएवढं. माझ्या मामांचा गणपतीचा कारखाना होता, तिथे मी हे शिकले होते. काडीला चिंधी गुंडाळायची, तिच्यावर शाडूचा गोळा चढवायचा, दोन्ही अंगठ्यांनी डोळ्यांच्या खोबण्या दाबायच्या, नाकाला तांदळाच्या दाण्याएवढी माती लावायची. नवशिकं माणूस डोळे हटकून फार वर काढतं, मग बाहुलीला कपाळच उरत नाही. "डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, हात लावून बघा," हे मी प्रत्येक वेळी सांगे. पालथ्या घड्यावर पाणी! सगळ्या हसत, स्वतःचं कपाळ चाचपत, आणि पुन्हा डोळे वरच काढत.

त्या वर्षी क्लासात इंदूताई नावाच्या एक बाई आल्या. कळव्याहून पूल ओलांडून चालत यायच्या. नवरा इथल्या गिरणीत, दोघंही वर्षभरापूर्वीच कोकणातून आलेले. चाळिशीच्या असतील. बोलायच्या कमी. बाकीच्या बायका नवरीची, राधेची, कोळिणीची डोकी करत होत्या. इंदूताई एकच डोकं करायच्या, मोडायच्या, पुन्हा करायच्या. हात बेताचाच होता. मी आधीच दमलेली असे, त्यात एकाच टेबलाशी तासभर अडकायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

एक दिवस सगळ्या गेल्यावर मी जरा तोडूनच म्हटलं, "इंदूताई, कुणाचं करायचंय ते तरी सांगा. म्हणजे मला दाखवता येईल."

त्या हातातला गोळा मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी सुमी होती, बाई. गावाकडं गेली, तापानं. सहा वर्षांची होती. दहा वर्षं झाली आता."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"फोटो नाय तिचा. गावात कोण काढणार फोटो? इतकी वर्षं डोळे मिटले की दिसायची. आता..." त्यांनी मान हलवली. "आता नाय दिसत. फ्रॉक दिसतो, हात दिसतात, तोंड दिसत नाय. आई असून तोंड विसरले मी तिचं. माती हातात घेतली तर बोटांना तरी आठवेल, असं वाटलं म्हणून आले."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. ज्या मुलीला मी कधी पाहिलं नाही, तिचा चेहरा मी कुठून आणू? "जमेल तसं करा, मी हात फिरवीन," एवढंच म्हणाले. शिकवणारी माणसं दुसरं काही सुचलं नाही की हेच म्हणतात.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत भजन असे, म्हणून सगळी डोकी एका खोक्यात घालून मी घरी आणत असे. शाडू सावलीत हळूहळू वाळवावा लागतो, नाहीतर तडे जातात. आमच्या घरात सावलीची जागा एकच, सासूबाईंच्या खाटेखाली. तिथे ओल्या फडक्याखाली ते खोकं ठेवलं होतं. नेमकी मंडळाला पंधरा दिवसांची सुट्टी लागली, म्हणून ते तिथेच राहिलं.

दोन दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "ती मुलगी कुणाची गं?"

"कुठली मुलगी?"

"येऊन बसते ती. पायाशी."

चाळीतली कुणी असेल म्हणून मी काकूंना विचारलं. काकूंनी कुणालाच आत जाताना पाहिलं नव्हतं, आणि दुपारी त्या दारातच तांदूळ निवडत बसलेल्या असत. दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत पोळ्या लाटत होते, तेव्हा सासूबाईंचं हळू बोलणं ऐकू आलं. पिठाच्या हातांनीच बाहेर आले, तर खोलीत कुणी नाही. "तू आलीस की उठते ती," सासूबाई म्हणाल्या. "लाजरी आहे."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा दुखण्यात होतात भास, मेंदूला मार बसलेला असतो, घाबरण्यासारखं नाही. मी घाबरले नव्हतेच. मला फक्त दमायला झालं होतं. भास तर भास, म्हातारीला सोबत झाली, असं मी मनाशी म्हटलं. ह्यांनीही चेष्टा केली, "तुझ्यापेक्षा बरी सून मिळाली आईला, उलट उत्तर करत नाही!"

मग एका दुपारी मी खोकं बाहेर काढून फडकं ओलं करत होते. सासूबाई मान कलती करून बघत होत्या. एकदम त्यांनी डावा हात उचलला आणि इंदूताईंच्या डोक्याकडे बोट केलं. खोक्यात वीसेक डोकी असतील, सगळी सारखीच बेढब, बिनकपाळाची.

"हे तिचं काढलंय का?"

"कुणाचं?"

"अगं, तिचंच. पण चुकलंय. नाक एवढं बसकं नाही तिचं."

क्लासातलं मी घरी कधी बोलत नसे. बोलायला त्राणच नसायचं. इंदूताईंची गोष्ट तर मी ह्यांनाही सांगितलेली नव्हती. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, खाटेच्या कडेला बसले, बोट पाण्यात बुडवलं आणि नाक जरा वर घेतलं. "असं?"

"थोडं आणखी. हां."

पुढचे काही दिवस दुपारी आमचा हाच उद्योग चालला. सासूबाई सांगायच्या, मी करायची. ओठ पातळ. कानाच्या पाळ्या सुट्या. डाव्या भुवईत मधोमध एक चीर, तिथे केस नाहीत. मी सुईच्या टोकाने ती चीर पाडली. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. मी गाल गुबगुबीत ठेवले होते. सहा वर्षांच्या मुलीचे असतात तसे.

"गाल काढ. लहान आहे का ती आता?"

"आई, लहानच आहे ती."

"मी रोज बघते का तू? चांगली शहाणी झालीय. हनुवटी निघालीय. दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिनी."

मी वैतागले. वाटलं, इथेच सिद्ध झालं, म्हातारीच्या मनातलीच कुणीतरी मुलगी आहे ही, सुमी नव्हे. पण वाद घालायची ताकद नव्हती. गाल कोरून काढले, हनुवटी ओढली. इंदूताईंना काय, आधीच्या गोळ्यापेक्षा काहीतरी बरं दिसेल.

डोकं वाळलं. खडूची भुकटी सरसात कालवून त्यावर पांढरा हात दिला, मग अंगाचा रंग. काळ्या रेशमाच्या वेण्या वळून, वर घेऊन डकवल्या. डोळे तेवढे बाकी ठेवले. आमच्या कारखान्यात आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटी. आणि दोन्ही डोळे एकाच बैठकीत करायचे, एक उघडा ठेवून माणसाने उठायचं नाही, असा मामांचा दंडक होता.

सुट्टी संपली, त्या शुक्रवारी क्लासात ते डोकं इंदूताईंपुढे ठेवलं. "मी जरा हात फिरवलाय. डोळे तुम्ही आखा."

"नको, बाई. माझा हात हलेल. तुम्हीच."

बारीक ब्रश घेऊन मी आखले. आधी डावा, लगेच उजवा. काडी फिरवून चेहरा त्यांच्याकडे केला.

इंदूताई पुढे वाकल्या. मग त्यांनी एक बोट पुढे केलं, पण रंग ओला होता म्हणून टेकवलं नाही. भुवईजवळ तसंच धरून ठेवलं.

"ही चीर..."

"चुकली का?"

"विहिरीच्या पायरीवर पडलेली. रांगत होती तेव्हा. मी हळद भरलेली." त्यांनी वर पाहिलं. "मीच विसरले होते, बाई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी ब्रश टेबलावर ठेवला. बाकीच्या बायका आपापल्या राधांमध्ये गुंग होत्या. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. वेड्यासारखं वाटत होतं, पण सांगितलं. त्या मला हसल्या नाहीत की घाबरल्याही नाहीत. डोक्याकडेच बघत होत्या.

"केवढी झाली हो," त्या म्हणाल्या. "मी आपली लहान तोंड शोधत बसले. सोळावं लागलं असेल तिला. म्हणून सापडत नव्हती."

क्लास तसाच सोडून आम्ही दोघी घरी आलो. वाटेत माझ्या मनात शाळामास्तरणीचे सगळे प्रश्न येऊन गेले. सासूबाई कोकणात त्या गावी कधी गेल्या होत्या का? नाही. इंदूताई आमच्या घरी? कधीच नाही. कळव्याचं कुणी आमच्या ओळखीचं? नाही. चीर योगायोगाने निघाली असं म्हणावं, तर सुईने ती मीच पाडली होती, सासूबाई सांगत होत्या त्याच जागी. आजपर्यंत हे प्रश्न मी डॉक्टरांना, ह्यांना, एका फार शिकलेल्या गृहस्थांनाही विचारले आहेत. सगळे आधी हसतात, मग विषय बदलतात.

सासूबाई जाग्याच होत्या. इंदूताई आत आल्या, त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कुठं बसते ती?"

सासूबाईंनी पायाशी बोट दाखवलं. इंदूताई तिथे, खाटेच्या कडेला बसल्या. काडीवरचं डोकं मांडीवर धरलेलं. मला वाटलं आता रडतील. पण त्या फक्त विचारत राहिल्या, आणि सासूबाई जड जिभेने उत्तरं देत राहिल्या, मी मध्ये बसून इंदूताईंना ती सांगत राहिले. काय बोलते? फारसं नाही. हसते का? हसते. काही दुखतंखुपतं का? तसं दिसत नाही.

मग इंदूताईंनी त्या रेशमी वेण्यांकडे बघत विचारलं, "तिच्या वेण्या कोण घालतं?"

सासूबाईंनी विचार केला. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. मला वाटलं आता काहीतरी समजूत घालतील. पण त्या तशा बाईच नव्हत्या. आमटीला नाव ठेवताना भिडस्तपणा करत नसत, तर इथे कशाला करतील?

"ते मी नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "पण रोज ताज्या घातलेल्या असतात. घट्ट, भांग सरळ. कुणीतरी आहे."

मी ते इंदूताईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मग बरं," आणि पदराने तोंड पुसलं.

ती मुलगी सासूबाईंना त्यानंतर कधी दिसली नाही. हे असं का झालं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी मी त्याचा विचारही केला नाही. दोघींना तसंच बसू दिलं आणि चहाचं आधण ठेवायला उठले.