मेंढ्यांची पंगत: भीमपूरचे चार दिवस

लोक सुट्टीत हवापालटाला जातात, मी मेंढ्यांच्या लेंड्या तोलायला आदिलाबाद जिल्ह्यात गेले. माझी धाकटी बहीण मुक्ता पशुवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण घेते. तिच्या प्रबंधाचा प्रयोग भीमपूरजवळच्या गावात चालू होता, मदतनीस आयत्या वेळी पळाला आणि तिने मला गळ घातली. "ताई, चारच दिवस. मोकळी हवा मिळेल." कसली हवा, ते मी विचारायला हवं होतं.

नागपूरहून पहाटे निघालात तर जेवायच्या आत आदिलाबाद येतं. पैनगंगेच्या पुलापलीकडे पाट्या तेलुगू होतात, माणसं मात्र मराठीत बोलत राहतात. पोट आदिलाबादलाच भरून घ्या. पुढे शेअर ऑटो मिळतो, पण गच्च भरल्याशिवाय हलत नाही. माझ्या मांडीवर गावापर्यंत कुणाचं तरी सरकीचं पोतं होतं.

मुक्ताचा मुक्काम गिरिजाकाकूंकडे. काकू गावाबाहेरच्या वाडीत भाजीपाला पिकवतात, आणि त्यांच्या गोठ्यात बारा मेंढे एका रांगेत, प्रत्येकाच्या मागे पट्ट्यांनी बांधलेली कापडी पिशवी. सहांच्या खुराकात एक पांढरी पावडर, उरलेल्या सहांना नुसता खुराक. ही पावडर म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंचं जेवण. ते जंतू पोसले की चारा नीट पचतो आणि लेंड्या कमी पडतात, असा मुक्ताचा कयास. खाल्लं किती आणि बाहेर पडलं किती, हे रोज तोलायचं. तोलायचं काम अर्थात थोरल्या बहिणीकडे.

दोन दिवस दोन्ही गटांच्या पिशव्या जवळपास सारख्या भरल्या. मुक्ताचं तोंड उतरलं. मेंढ्यांना खुराकाची सवय लावण्यात तिचे तीन आठवडे गेले होते, आणि प्रयोग फसला तर पदवी लांबणार होती.

तिसऱ्या दिवशी मी लवकर उठून गोठ्यात गेले. काकू नुसत्या खुराकवाल्या सहांच्या घमेल्यांत पावडर टाकत होत्या.

"काकू, यांना द्यायची नसते ना?"

"माहीत हाये. पयल्या दिसापासून म्याच देऊन राह्यली."

"पण का?"

"एका पंगतीत बसवलं ना तिनं? सहाले वाढाचं आन् सहाले नाई, हे आमच्या घरी चालत नाई, बाई."

मला हसू फुटलं. मागे वळले तर दारात मुक्ता. ती पोत्यावर बसून रडायला लागली आणि माझी मलाच लाज वाटली. पंक्तिप्रपंच हे पाप, एवढं तर आमच्या आईनेही शिकवलेलं. काकूंना रागवायचं कोणत्या तोंडाने?

काकूंनी त्या दिवशी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. "पोरीचे तीन हप्ते म्या वाया घालवले."

"काकू, चूक माझी," मुक्ता नाक पुसत म्हणाली. "का द्यायचं नाही, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही." मग तिने सगळं नीट समजावलं: सहांना पावडर न देताच, तिने काही फरक पडतो का ते कळतं.

काकू पदर खोचून उठल्या. "मंग पंगती दोन कर. ते सहा वाडीतल्या छपराखाली बांध. मले दिसले तं हात थांबाचा नाई."

संध्याकाळपर्यंत आम्ही सहा मेंढे ओढत वाडीत नेले. जाणार असाल तर जुने कपडे न्या. माझे दोन धुण्यांनंतरही बाल्कनीतच आहेत.

मुक्ताने मार्गदर्शकांना खरं ते सांगून प्रयोग पहिल्यापासून सुरू केला. मी चौथ्या दिवशी परतले; काल तो संपला आणि तिने फोनवर सगळं सांगितलं. पूर्ण महिनाभर काकू वाडीतल्या छपराकडे फिरकल्या नाहीत, भाजी तोडायलासुद्धा दुसऱ्या बाईला पाठवलं. मुक्ताने शेवटची पिशवी तोलली, वहीत आकडा लिहिला, आणि वर बघते तर काकू पावडरचा डबा घेऊन समोर उभ्या.

"झालं ना तुह्यं? आता त्यायले वाढू दे."